नाचाचं माहेर

थोरलीचं काम जमिनी चोपायचं. नवं घर उभं राहिलं की आतली माती आणि गच्चीवरचा चुना दाबून घट्ट करायला बायकांची टोळी लागायची. प्रत्येकीच्या हातात धुम्मस, म्हणजे उंच दांडा आणि खाली जड लाकडी ठोकळा. तो उचलायचा, पाऊल टाकायचं, आदळायचा, मागे सरायचं. सगळ्यांचा ठोका एकदम पडला नाही तर जमिनीला उंचवटे येतात, नाहीतर कुणाचा तरी अंगठा फुटतो, म्हणून गाणं. गाणं आईचं. आईला धाप लागायला लागली तेव्हा ते थोरलीकडे आलं. धाकटी बहीणही टोळीतच होती, पण अंगचोर. "हिचं धुम्मस जमिनीला नुसत्या गुदगुल्या करतं," आई म्हणायची.

एका इमारतीच्या कामावर शहरातल्या नृत्यशाळेच्या बाई आल्या आणि विटांच्या ढिगावर बसून बघतच राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "जगात कितीतरी नाच असेच जन्माला आलेत. कुठे द्राक्षं तुडवताना, कुठे जहाजाचा दोर ओढताना, कुठे कणसं मळताना. लोक म्हणतात नाच देवांनी दिला. मी म्हणते, कामाने दिला."

"आम्ही कुठे नाचतो, बाई? पोटासाठी आपटतोय," थोरली म्हणाली.

"तेच तर मी सांगतेय!"

थोरलीने हसण्यावारी नेलं खरं, पण उठून कामाला लागली तेव्हा आपलं पाऊल कसं पडतं ते तिने जन्मात पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं. आवडलं तिला.

मग सुट्टीच्या दिवशी दोघी बहिणी नृत्यशाळेत जायला लागल्या. तिथल्या गुळगुळीत लाकडी फरशीवर थोरली बाईंच्या विद्यार्थिनींना ठोका शिकवायची, घरी आल्यावर धाकटीलाही. कार्यक्रम ठरला तेव्हा बाईंनी पुढच्या रांगेत धाकटीला घेतलं. तिची मान लांब होती. थोरलीचा एक खांदा ओझ्याने उतरला होता. "आणि तुमचं पाऊल फार पसरतं हो," बाई म्हणाल्या. थोरलीने वाईट वाटून घेतलं नाही. आपलीच बहीण आहे, आपलंच गाणं आहे, कोण का नाचेना.

कार्यक्रम बघायला ती मागच्या खुर्चीत बसली. पडदा उघडायच्या आधी आवाज आला: राजवाड्याच्या अंगणात राजकन्येच्या सख्या हे नृत्य करीत. मग धाकटी आली. हातात सोनेरी कागद लावलेली हलकी काठी. काठी जमिनीला टेकतही नव्हती. ठोका ढोलकवाला देत होता.

रंगभूषेच्या खोलीत थोरलीने तिला गाठलं. "राजवाडा कुठून आणलास गं?"

"बाईंनी आणला. आधी खरं सांगून करून बघितलं ना! खुर्च्या ओस पडल्या. घाम बघायला तिकीट कोण काढतं, ताई?"

"मग आई कोण? राजाची राणी?"

"आईला काय कळणार आहे?" धाकटी आरशात बघत म्हणाली.

थोरली घरी आली आणि पुन्हा नृत्यशाळेची पायरी चढली नाही. पुढे जमिनी दाबायला यंत्रं आली, टोळी मोडली. थोरली एका धुलाईखान्यात चादरी पिळायला लागली. धाकटी देशोदेशी गेली. आई अंथरुणाला खिळली, आणि हळूहळू तिची आठवण विरत गेली.

एका दुपारी टीव्हीवर धाकटीची मुलाखत लागली. "आई राजदरबारातल्या शेवटच्या नर्तकींपैकी," ती सांगत होती. आई उठून बसली.

"मी राजवाड्यात होते?"

"नाही गं आई. आपण जमिनी चोपायचो."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी पाण्याचा घोटही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. या वेळी थोरली म्हणाली, "होतीस."

"काय नेसले होते?"

"रेशमी."

आईचा चेहरा उजळला. मग तिने स्वतःचे तळवे समोर धरले. घट्टे अजून तसेच होते. "मग हात असे का?"

थोरलीने ते तळवे आपल्या हातांत मिटून घेतले. "राजवाडा मोठा होता, आई," ती म्हणाली.

आई राजवाड्यातच गेली. शेवटच्या दिवसांत तिने टोळीतल्या एकाही बाईचं नाव काढलं नाही. जिच्या गाण्यावर गावभरच्या जमिनी सपाट झाल्या, ती स्वतःलाच पुसून गेली, आणि पुसायला हात थोरलीचाही लागला होता. हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

धाकटी आली, रडली. खोटं रडली असं थोरलीलाही म्हणता आलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "ताई, आईच्या गाण्याची मला पहिली दोनच कडवी येतात. बाकीची तुला येतात ना? रेकॉर्ड करून ठेवू. नाहीतर बुडतील."

"विसरले," थोरली म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

तिला एकूण एक शब्द पाठ होता. त्यात कुणाच्या फुटलेल्या अंगठ्याची थट्टा होती, मुकादमाला घातलेल्या शिव्या होत्या, गच्चीवर उन्हाचे चटके सोसणाऱ्या बायका होत्या. राजकन्या कुठेच नव्हती. कार्यक्रमात अजूनही ती दोनच कडवी घोळून घोळून म्हणतात, आणि लोक टाळ्या वाजवतात.