बाबल्याची खाली गेलेली नजर

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की सुभद्रा ओला फडका घेऊन काजूच्या बागेत जायची आणि फणसाच्या आडव्या फांदीवर बसलेल्या यंत्राचं तोंड पुसायची. रात्रीचं दव, बोंडांचा रस, माकडांच्या बोटांची माती. यंत्राला माकडासारखी करडी लव होती, हात होते आणि काचेचे दोन डोळे होते. ते रानातल्या माकडांत राहायला शिकतं का, हे बघायला पुण्याच्या कौस्तुभने ते तिच्या फोंडाघाटच्या बागेत आणून ठेवलं होतं. सुभद्राने त्याचं नाव बाबलो ठेवलं.

"माझा तोंड कधी असा पुसलंस गो?" नवरा, सत्यवान, ओसरीवरून विचारायचा.

"तू खंय झाडार बसतस?"

सुरुवातीला माकडांनी बाबल्याला खाली ढकललं, त्याचा एक कान तोडला. "रोखून बघणं म्हणजे त्यांच्यात भांडण काढणं, काकी," कौस्तुभ म्हणाला. "हे त्याला आम्ही सांगितलेलं नाही. मार खाऊनच शिकेल." आणि खरंच शिकला. कुणी जवळ आलं की बाबलो नजर खाली घालायचा आणि गप्प बसायचा. एक दिवस एक म्हातारी, लंगडी माकडीण त्याच्याजवळ टेकली आणि त्याच्या लवेत उवा शोधू लागली. सुभद्राने पदर तोंडात कोंबून हसू आवरलं. बाबलो सरळ बघायचा तो फक्त सुभद्राकडे. तोंड पुसताना मान वर करून.

त्या वर्षी मोहोर जळला. जे चार काजू धरले ते माकडं कोवळेच तोडून टाकू लागली. वाडीने पिंजरा आणला. पण माकडं असला पिंजरा ओळखून होती. आत केळी ठेवली तरी लांबून बघून निघून जायची.

युक्ती सुभद्राला सुचली. सत्यवानाला नाही, वाडीतल्या कुणालाही नाही, तिलाच.

तिने बाबल्याला लेकरासारखं कडेवर घेतलं. पिंजऱ्याच्या दाराशी आल्यावर काय वाटलं कोण जाणे, हातातला फडका तिने त्याच्या डोळ्यांवर टाकला. आत बसवून झाल्यावर काढला, आणि ती गवताच्या उडवीमागे सत्यवानाच्या शेजारी जाऊन बसली. आधी लंगडी आली. केळ्यांकडे तिने बघितलंही नाही. ती बाबल्याच्या पाठीशी बसली आणि त्याची लव विंचरू लागली. मग बाकीची आली. सत्यवानाने दोर ओढला.

टेम्पो त्यांना घाटापलीकडच्या जंगलात सोडून आला. बाबल्याला सुभद्राने पुन्हा फणसावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती फडका घेऊन गेली, हात उचलला, आणि बाबल्याने नजर खाली घातली.

तिचा हात तसाच राहिला. तोंड न पुसताच ती परतली. चुलीवरचा चहा ओतू गेला होता.

कळल्यावर कौस्तुभ कणकवलीच्या मुक्कामावरून धावत आला. "हा पिंजऱ्यात कसा गेला?"

"मशीन ता. गेला आसतला चालत," सत्यवान म्हणाला.

"मी ठेवलंय," सुभद्रा म्हणाली.

कौस्तुभने खळ्यात वाळत घातलेल्या काजूबियांकडे पाहिलं. "काजू तुमचेच होते, काकी," तो एवढंच म्हणाला आणि तिने केलेला चहा प्यायला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पिंजऱ्याबाहेर राहिलेली दोन-तीन माकडं अधूनमधून यायची. बाबलो दिसला की किंचाळून पळायची. तो बिचारा शिकल्याप्रमाणे नजर खाली घालून वाट बघायचा. आता उवा बघायला कुणी येणार नव्हतं. सुभद्रा दारातून बघायची आणि सत्यवानाने हाक मारली की दचकायची. उरलेले काजू वाचले होते, पण त्या वर्षी तिने एकही बी भाजून तोंडात टाकली नाही.

पावसाआधी कौस्तुभ बाबल्याला न्यायला आला. जीपपर्यंत चालताना सुभद्रा बोलायचं काहीतरी मनात जुळवत होती. कौस्तुभने बाबल्याला आत ठेवलं आणि तो चाकाशी बसला. बाबलो मागच्या सीटवर, खाली बघत. तिने धुऊन घडी घातलेला फडका खिडकीतून कौस्तुभच्या हातात दिला.

"ओलो करून पूस हां, बाळा," ती म्हणाली. "सुक्या फडक्यान काचेर चरे पडतत."