फटफटी येत असेल तर

माझ्या मेहुण्याइतका हट्टी माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात दुसरा नाही. आंबेगावात एखादा असेल तर मला ठाऊक नाही, पण असता तर एव्हाना हा तिथवर जाऊन त्याच्याशी भांडून आला असता. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. राहायला वर पठारावर, आणे गावात, आम्ही जुन्नरला. मध्ये चांगली तासाभराच्या वरची वाट, तरी आठवड्यातून दोन-तीनदा त्याची जुनी फटफटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी खोकायला लागायची आणि बायको न विचारता चहाचं आधण ठेवायची. का आलास म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "इंजिन मोकळं करायला निगालतो दाजी, तुमी मधी घावलात." मग माझ्याच ओट्यावर बसून माझ्याच चहाला नावं ठेवायचा.

ही फटफटी त्याने लग्नाच्या वर्षी घेतलेली. तिला किक मारायची ती त्यानेच. दुसऱ्या कुणी पाय लावला तर दिवसभर अबोला. आळेफाट्यावरचा एक मेकॅनिक एकदा चुकून बोलून गेला, "भाऊ, आता द्या ही भंगारात." हा शांतपणे म्हणाला, "तुझा बाप बी लई खोकतो म्हनं. त्याला कवा देतोस?" आणि पुढच्याच आठवड्यात त्या मेकॅनिकच्या बापाला मागे बसवून नारायणगावच्या दवाखान्यात नेऊन आणलं. मंचरला एका लग्नाला जायचं तर आम्ही त्याच्यासाठी मोटारीत जागा धरून ठेवली होती. पठ्ठ्या भर पावसात फटफटीवर आला, तसाच निथळत पंगतीला बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आमटी पातळ लागली तर वाढप्याला बोलू नका. माज्या बाहीचं पानी हाय." असल्या माणसाला काय म्हणायचं, सांगा.

त्याची बायको गेली आणि मग तो रोजच यायला लागला. दिवेलागणीला घरात थांबवत नाही, म्हणायचा. एवढंच.

त्याची एकुलती एक लेक न्यूझीलंडला असते. आईमागे बाप एकटा पडला हे तिच्या जिवाला लागलं आणि बापाला कायमचं तिकडे घेऊन जायचं, असं तिनं मनाशी घेतलं. आता हा बाबा साऱ्या जगाला तोंडावर नाही म्हणेल, पण लेकीला नाही म्हणायची त्याची जीभच नाही. आमच्या घरी बसून तो तिच्याशी बोलत होता. फोनच्या पडद्यावर ती रडवेली झालेली. हा म्हणाला, "येतो की. पर फटफटी येत असंल तरच येतो." आणि हळूच माझ्याकडे बघून डोळा घातला. फोन ठेवल्यावर वर मला म्हणतो, "आता बसंल हुडकत. फटफटी कुठं इमानात बसती व्हय?"

चुकलं ते इथंच. लेक कुणाची, हे तो विसरला होता. तिनं आठ दिवसांत सगळी माहिती काढली. माणूस कायमचा राहायला येत असेल तर स्वतःची जुनी गाडी बोटीने आणता येते, तिथे तपासून तिला नवा नंबर मिळतो. तिनं माल पाठवणारा एजंटही गाठला. मग सुरू झाल्या कचेऱ्या. गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा दाखला, आरटीओचा ना हरकत दाखला, इंजिन आणि चासीचे नंबर ताडून बघणं. जन्मभर सरकारी कचेऱ्यांना शिव्या घालणारा हा माणूस आता मनोमन त्यांच्याच भरवशावर होता. "हापिस हाय दाजी, कुठं ना कुठं अडवत्यालच." आणि नेमकं त्याच वेळी त्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे. जो तो म्हणे, बाबा, लेकीकडे चाललात, बसा, पाणी घ्या. शेवटचा दाखला हातात घेऊन तो ओट्यावर आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. "एकानं बी हरकत घेतली न्हाई," म्हणाला.

मग धुणं निघालं. त्या देशात म्हणे परक्या मातीचा कण चालत नाही, गवताचं बी चालत नाही. आळेफाट्याला फवाऱ्याने धुऊन आणली तरी भागेना, म्हणून आमच्या अंगणात दातांचा ब्रश आणि दाभण घेऊन तो गाडीच्या सांदीकोपऱ्यातली माती उकरत बसला. त्याची बहीण तांब्याने पाणी सोडत होती. मडगार्डच्या आतून लाल गाळ निघाला. "ही घाटघरची," तो म्हणाला. "कारभारनीला नानेघाट दावायला नेलती तवाची असंल." पाणी पडलं तशी ती माती अंगणातून वाहत गटारात गेली. बायकोने तांब्या खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. मी उगाच गाडीचा आरसा पुसत राहिलो.

एजंट नंबर बघायला आला तेव्हा मेहुण्याने सहज विचारावं तसं विचारलं, "दोन वर्सांनी परत आनायची म्हनलं तर?"

"नाही यायची काका. एवढी जुनी गाडी आपल्याकडे आत घेत नाहीत."

"आरं, पर ही हितलीच हाय."

"इथला नंबर रद्द झाला की मग ती इथली राहत नाही, काका."

एजंट गेला. हा फटफटीच्या सीटवर हात ठेवून उभा. मला राहवलं नाही. म्हटलं, "सांग पोरीला, नाही येत म्हणून. तुला जमत नसेल तर मी सांगतो."

"न्हाई दाजी. तिनं तिकडं गाडीला छप्पर घातलंय. म्या चेष्टा केलती, पोरीनं खरं धरलं. आता तिला कसं सांगू, चेष्टा व्हती म्हनून?"

गाडी लाकडी खोक्यात जायच्या सकाळी आमच्या घरात एक घोटाळा झाला. एवढी धुऊनपुसून लख्ख केलेली गाडी, आणि माझी बायको औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली. लांबच्या प्रवासाला निघालेल्याला ओवाळल्याशिवाय ती सोडते थोडीच. हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. एजंट डोक्याला हात लावून बसला. मी पुसायला फडकं घेतलं, तर मेहुण्याने माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. आक्कानं ववाळलंय." वरवरचं एजंटनेच झटकलं.

गाडी तिकडे पोचली आणि तपासणीत इंजिनाच्या खाचेतून तांदळाचे दाणे निघाले. गाडी अडकली. ही बातमी कळली तशी ही स्वारी एसटीने आली, हातात पेढे. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना बघत होतो. "आता परत धाडत्याल," म्हणाला. तो विसरला होता की परत घेणारंही कुणी नाही. मला आठवत होतं, पण मी पेढा खाल्ला. चार दिवसांनी लेकीचा फोन आला. गाडी पुन्हा धुतली, पास झाली, तुम्ही या. तो लेकीकडे गेला.

गाडीला तिकडचा नंबर मिळाला. लेकीने फोटो पाठवला, त्यात हा जाड जाकीट घालून फटफटीशेजारी उभा आहे, ताठ, परक्या घरी उभं राहावं तसा. मी फोनवर विचारलं, रस्ते कसे आहेत रे? "लोन्यावानी हायेत दाजी. एक खड्डा न्हाई," म्हणाला. मग म्हणाला, "पर जायाचं कुनाकडं?"

"मग ये की इकडे," म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्याने मध्येच तोडलं. "ये म्हनू नका दाजी. तुमी म्हनलात तर मी आत्ता निगंन."

तेव्हापासून मी तो शब्द काढत नाही. थंडीचं विचारतो, लेकीचं विचारतो, भाज्या काय मिळतात ते विचारतो. बायकोलाही बजावून ठेवलंय. पण ती पडली थोरली बहीण, उभ्या जन्मात तिने भावाला 'ये हं' म्हटल्याशिवाय निरोप दिलेला नाही. परवा फोन ठेवता ठेवता तिच्या तोंडून ते गेलंच. मग तो म्हणाला, "आलो आक्का," आणि फोन बंद झाला.