ईशान्येच्या कोपऱ्यातला डबा

हल्ली शाळा-कॉलेजांत टाइम कॅप्सूल पुरतात, फोटो काढतात, पेपरात छापून आणतात. आमच्या इंदूरच्या शाळेत तसलं काही कधीचंच पुरलेलं होतं, आणि आम्ही त्याला डबा म्हणत होतो. तो निघाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही की अभ्यास झाला नाही, एवढं मी आजही छातीठोकपणे सांगते.

मध्यभारत राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष इंदूरला, अशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत होती. रोज काहीतरी नवं निघायचं. तसाच परदेशीपुऱ्यात गिरणीकामगारांच्या बायकांसाठी दुपारचा साक्षरतेचा वर्ग निघायचा होता आणि त्यासाठी शिकवणारी बाई हवी होती. अट एकच. किमान चौथी पास आणि तसा शाळेचा दाखला.

आईला ते काम हवं होतं. हवं म्हणजे किती, तर पोळ्या लाटतानासुद्धा ती पिठात बोटानं अक्षरं काढायची. शेजारच्या दोघींना तिनं आपल्या हौसेनं सही करायला शिकवलं होतं. वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून. ते फार बोलणारे नव्हते. "दाखला आण, मग बघू," एवढंच म्हणाले. आणि नेमका दाखलाच नव्हता. आई माझ्याच शाळेत चौथी झाली होती, पण तिच्या घरच्यांना मुलीच्या दाखल्याचं काय पडलं होतं! आता ती मागायला गेली तर त्या वर्षांची रजिस्टरं वाळवीनं फस्त केलेली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरीणबाईंनी, कपाट उघडून तिला सरळ तो भुगाच दाखवला. "मी कशाच्या आधारावर लिहून देऊ, सांगा," त्या म्हणाल्या. अर्जाची मुदत संपायला पंधरा दिवस राहिले होते.

घरी येऊन आई स्वयंपाकाला लागली. मी पाटावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. भाजीला फोडणी देतादेता ती एकदम थांबली.

"अगं, डबा आहे ना!"

"कुठला डबा?"

"शाळेचा. आधी शाळा किरायाच्या घरात भरायची. नवी बिल्डिंग बांधायला घेतली तेव्हा जोत्यात तांब्याचा डबा बसवला होता. आम्ही चौथीच्या पोरी लाइनीत उभ्या होतो, हात जोडून. त्या साली पास झालेल्या सगळ्या पोरींची लिस्ट त्याच्यात टाकली, तेव्हाच्या मोठ्या बाईंच्या सहीची. पंचवीस साल बाद खोलायचा म्हणे. माझं नाव आहे त्याच्यात, एकदम पक्कं!"

फोडणी जळली. दोघींनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी मी मोठ्या बाईंच्या खोलीत. योग असा की शाळेच्या इमारतीला त्याच वर्षी पंचवीस वर्षं होत होती आणि जोत्याच्या डागडुजीला मिस्त्रीही लागलेला होता. दर्शनी भिंतीत कोरीव अक्षरांचा एक दगड होता. डबा असेल तर त्याच्याखालीच असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं. मिस्त्रीनं दगडाखाली अर्धा दिवस खोदलं. निघालं काय, तर एक बेडूक. तो उड्या मारत सातवीच्या वर्गात गेला आणि सातवीच्या मोठ्या मुली बाकांवर चढल्या. मला मात्र त्या दिवसापासून "डबेवाली" नाव पडलं. मी रागानं लाल होऊन घरी आले.

आई ऐकून हसत सुटली. "दगडाखाली कोण ठेवेल, बावळट! दगड मागाहून लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. डब्याची पूजा केली होती भटजींनी. पूजेचं ते ईशान्येलाच जाणार ना?"

मी हे मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "लो! सारी जिंदगी ईशान में ही पूजा रखवाई, और यहाँ खोद रहा हूँ सामने!" काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तो हातोडीनं ईशान्येच्या कोपऱ्यातला एकेक दगड ठोकत गेला. ठक, ठक, ठक, आणि एके ठिकाणी आवाज पोकळ आला. मी अशी किंचाळले की पहिलीचा वर्ग बाहेर आला. दगड हलला, आत हात गेला आणि हिरवट पडलेला, झाकण कथलानं पक्कं केलेला डबा बाहेर आला. मिस्त्रीनं त्याला आधी नमस्कार केला. आम्ही पोरींनी शाळा डोक्यावर घेतली.

पण मोठ्या बाईंना शिस्त! डबा लगेच उघडायचा नाही. शनिवारी जुन्या विद्यार्थिनींना बोलावून, हार घालून, रीतसर उघडायचा. तीन दिवस! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशी मी शुक्रवारीच रिबिनी बांधून बसले होते.

शनिवारी हॉल भरला. सगळं माझ्यामुळे घडलं म्हणून बाईंनी मला स्टेजवर तबक धरायला उभं केलं. आई तिसऱ्या रांगेत होती, ठेवणीतली माहेश्वरी नेसून. मिस्त्रीनं झाकण कापलं. आधी पिवळं पडलेलं वर्तमानपत्र निघालं, मग संस्थानी नाणी, इमारतीचा नकाशा आणि कुणा मुलीनं विणलेला लोकरीचा मोजा. एकच. दुसरा पुरा झाला नसावा. मोज्यावरून हॉल हसत होता तेवढ्यात बाईंनी माझ्या तबकात एक घडीचा कागद उलगडून ठेवला. वरच्या ओळीत "चौथी उत्तीर्ण" असं लिहिलेलं होतं.

मला कुठला धीर! बाई चष्मा पुसत होत्या तोवर मी यादी वरून खाली वाचून काढली. सतरा नावं होती, प्रत्येकीपुढे वडिलांचं नाव, आडनावं नव्हतीच. मी पुन्हा वाचली. मग खालून वर वाचली. आईचं नाव नव्हतं.

माझे कान गरम झाले. आई खोटं बोलली? माझ्याशी? मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. तिसऱ्या रांगेतून ती माझ्याकडे बघून हसत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. आता सगळ्यांसमोर यादी वाचणार, ती वाट बघत बसणार आणि नाव येणारच नाही. तबक हातात नसतं तर मी पळूनच गेले असते.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. नाव आलेल्या बाईनं उभं राहायचं. एक उठली, लेकरू मांडीवरून उतरवून दुसरी उठली, टाळ्या पडत होत्या. मग एक नाव आलं, नदीचं. कुणी उठलं नाही. बाईंनी दुसऱ्यांदा वाचलं. लोक इकडेतिकडे बघू लागले. आणि तिसऱ्या रांगेतून आई उठली, अगदी हळू, आपल्यालाच बोलावताहेत ना याची खात्री करून घेतल्यासारखी.

"आई, खाली बैस!" मी स्टेजवरून ओरडले. "ते तुझं नाव नाही!"

सगळा हॉल फुटला. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत मला म्हणाल्या, "अगं वेडाबाई, ते तिचं माहेरचं नाव असणार. आताचं नाव तर लग्नात तुझ्या बापानं दिलं, तांदळात अंगठीनं लिहून."

मला चाल माहीत नव्हती असं नाही. आत्याच्या लग्नात ते तांदळाचं ताट मीच तर धरलं होतं. पण माझ्या आईलाही कधी दुसरं नाव असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तबकातली नाणी खुळखुळायला लागली.

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना दाखल्याचं प्रकरण ठाऊक होतं. त्या सावकाश म्हणाल्या, "नाव आहे, ठीक. पण ही मुलगी म्हणजे तुम्हीच, हे सांगणारं कोणी आहे?"

आईचे आईवडील कधीच गेले होते, भाऊ पुण्याला. वर्गातल्या ज्या चौघीजणी उभ्या होत्या त्या एकमेकींकडे बघू लागल्या. पंचवीस वर्षांत चेहरे बदलतात. "वाटतेय खरी," एक पुटपुटली. वाटण्यावर दाखला मिळत नाही. आई उभीच होती, पदराचं टोक मुठीत धरून.

तेवढ्यात दाराशी जमिनीवर बसलेली एक म्हातारी उठली. पूर्वी मुलींच्या शाळेत एक बोलावणारी असायची. सकाळी घरोघर जाऊन ती मुलींना गोळा करून आणायची, संध्याकाळी पोचवायची. ही तीच. आता थकली होती, कुणीतरी आग्रहानं आणून बसवलं होतं. ती काठी टेकत थेट आईपर्यंत गेली, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि हनुवटीखालचा जुना वण बोटानं दाबला.

"या तो वाज छोरी है!" ती मालवीत ओरडली, हीच ती पोरगी म्हणून. "रोज म्हारो हाथ छोड़ी ने भागती थी. एक दिन नाली में गिरी, मैंने उठाई." आणि तिनं आईला त्या नदीच्या नावानं हाक मारली.

"ओ," आई म्हणाली, आणि त्या म्हातारीच्या गळ्यात पडून रडली.

बाईंनी तिथेच, टेबलावरचे हार बाजूला सारून, दाखला लिहिला. म्हातारीचा अंगठा घेतला, त्या चौघींच्या सह्या घेतल्या. माहेरचं नाव, मग "लग्नानंतरचे नाव" असं लिहून आताचं. शाईवर टीपकागद दाबून त्यांनी दोन्ही हातांनी तो आईला दिला आणि पहिल्यांदा हसल्या. "सोमवारीच अर्ज टाका, बाई."

आम्ही टांगा केला. आईचा आग्रह, आज चालत जायचं नाही. तिनं दाखला वाचला, त्याची घडी केली, उलगडला आणि परत वाचला. माझं डोकं भणभणत होतं.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही गं," ती म्हणाली. रागानं नाही, सहज.

अकरा वर्षं मी हिच्या हातचं जेवत होते.

"मग आता विचारते," मी म्हणाले. "तुझं नाव काय?"

आई ताठ बसली. शाळेत इन्स्पेक्टरसमोर उभं राहून सांगतात तसं तिनं सांगितलं, खणखणीत, वडिलांच्या नावासकट. टांगेवाल्यानं मागं वळून पाहिलं.