टाकीतलं तीर्थ

हरिचंद्रशेठच्या घराचं अर्धं अंगण सारवून झालं होतं, अर्धं अजून कोरडंच होतं. तेवढ्यात फाटकातून ट्रॅक्टर विव्हळत आत आला आणि सगुणाबाईचा शेणाने भरलेला हात जागीच थांबला. ट्रॅक्टरवर तिचा नवरा जनू होता. दातओठ खाऊन, दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता, तरी पुढचं चाक तुळशीच्या कट्ट्याला घासलंच.

खरवईच्या या घरात जनू कित्येक वर्षं ड्रायव्हर होता. मागची खोली राहायला मिळाली ती त्यामुळेच. सगुणाबाईची झाडलोट, सारवण त्या खोलीच्या भाड्यातच धरलेलं. हरिचंद्रशेठने हा पॉवर स्टिअरिंगचा जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा गाव बघायला लोटलं होतं. एका बोटाने वळायचा. यंदाच्या दसऱ्यापर्यंत.

"मनगटातला दम गेला काय रं जन्या?" शेठ ओटीवरून ओरडला. "बदलापुरात ड्रायव्हर ढिगानं पडलेत. आज काय तो फॉल्ट काढ, नायतर खोली खाली कर."

जनू खाली उतरला. पुढच्या टायरांत हवा होती. पंपाचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. जॅकवर पुढचा भाग उचलून चाकं डावी-उजवी वळवली. सांधे कुठे अडकत नव्हते. मागची लिफ्ट नांगर नीट उचलत होती, पण तिचं तेल वेगळं. राहिली स्टिअरिंगची छोटी टाकी. त्याने झाकण काढून बोटं बुडवली. तेल कसलं ते, दुधाचा चहा, वर फेस.

"शेठ, पंप नुसता फेस ओढतोय. तेलात पानी गेलाय."

सगुणाबाईला दसऱ्याचा तांब्या आठवला.

दसऱ्याला शेठच्या आईने, माईंनी, ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग हातातल्या तीर्थाच्या तांब्याकडे बघून म्हणाल्या, "वरवर शिंपडून काय उपेग? पोटात गेला पायजे. सगुणे, ता झाकन काढ." माईंची बोटं वाताने वाकडी झालेली.

"माई, यात तेलाबिगर काय घालायचा नाय, असा आमचे हे सांगतात."

"देवापेक्षा तुझा नवरा शाना काय गो?"

सगुणाबाईने झाकण काढलं. माईंनी तांब्या उपडा केला.

आता त्याच माई ओटीवर जपमाळ ओढत होत्या. मणी सरकत होते, ओठ गप्प होते. सगुणाबाई हात न धुताच पुढे आली. "शेठ, यांची चूक नाय. दसऱ्याला माईंनी आत तीर्थ..."

"आईचं तीर्थ म्हंजे पानी?" शेठ उभाच राहिला.

माईंनी डोळे उघडले. "तीर्थानं कदी काय बिघडलाय? झाकन कोनी काढला, ता विचार तिला."

"मीच काढला, पन तुमीच सांगितला..."

"ऐकलास? पारोशा हातानं काढला मेलीनं. विटाळ हिचा, नि नाव देवाचा."

शेठ जनूकडे वळला. "बोल जन्या. आईचं तीर्थ, का तुझ्या बायकोचा हात?"

जनूने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग टाकीतल्या फेसाकडे. बायकोकडे मात्र पाहिलं नाही. "हिचाच हात, शेठ," तो म्हणाला, आणि तेलकट हाताने तिच्या थोबाडीत दिली. गालावर पाच पांढुरके पट्टे उठले.

शेठ खदखदून हसला. "आता कसा आला मनगटात दम!"

दुपारी जनूने टाकी रिकामी केली, पुसून काढली, उल्हासनगरहून आणलेलं नवं तेल भरलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला फिरवून फिरवून आतली हवा घालवली. ट्रॅक्टर पुन्हा एका बोटावर वळू लागला.

"बघितलास?" माई म्हणाल्या. "विटाळ गेला नि चालाया लागला. आता परत शुद्ध करून घेऊ. या वखताला झाकन जनू काढील."

"व्हय माई," जनू म्हणाला.

"सगुणे, तू आंघोळ कर नि तांब्या घेऊन जा."

अंगण अर्धंच राहिलं. सगुणाबाईने आंघोळ केली, गालावरचं तेल राखेने घासून काढलं, आणि तांब्या घेऊन शंकराच्या देवळात तीर्थ आणायला निघाली.