अंगठ्याएवढ्या शिपायांचे शकीलभाई

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या कुंड्यांना गेरू लावत होते. हात बरबटलेले, म्हणून फोन मान वाकडी करून खांद्यात धरला. आमचे डॉक्टर म्हणजे काष्टीच्या बाजारपेठेतले दातांचे डॉक्टर, एकेकाळचे माझेच विद्यार्थी. एरवी आधी माझ्या कवळीची चौकशी करतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी एकदम म्हणाले, "बाई, शकीलभाई गेले. पहाटे, झोपेतच." मी नुसतं "बरं" म्हणाले आणि उरलेल्या तीन कुंड्या रंगवायला घेतल्या. काय करणार... भरलेला ब्रश मधेच खाली ठेवायचा नाही, डाग राहतो, हे त्याच माणसानं मला शंभरदा बजावलं होतं. शेवटच्या कुंडीला रंग कुठे लागतोय ते मात्र मला दिसेना.

शकीलभाई टेम्पो रंगवायचे. श्रीगोंद्यापासून जामखेडपर्यंत ज्यानं म्हणून टेम्पो घेतला, त्यानं तो आधी त्यांच्या पत्र्याच्या शेडखाली आणून उभा केला. मागच्या फाळक्यावर गरुड, बाजूला कमळं, कपाळावर मालकाच्या मुलीचं नाव. मी इथल्याच शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्तही इथेच झाले. रोज त्यांच्या शेडवरून जायचे, पण "नमस्ते बाई"च्या पलीकडे आमचं बोलणं नव्हतं. खोटं कशाला बोलू, टेम्पोवरच्या गरुडाला मी चित्र मानतच नव्हते. माझ्याकडे डिप्लोमा होता ना! पुढे चिकटवायची रेडियमची अक्षरं आली, गरुडसुद्धा छापील मिळायला लागले आणि शेड रिकामी झाली. त्यातच शकीलभाईंच्या उजव्या हाताला कंप सुटला. कुणी विचारलं की म्हणायचे, "हात न्हाई हलत, ब्रश हलतोय."

आम्हाला एका टेबलाशी आणलं ते डॉक्टरांच्या खुळानं. त्यांना पुण्यात शिकताना एका खेळाचा नाद लागला होता. टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या, त्यात प्लॅस्टिकचे इवलेसे योद्धे उभे करायचे, फासे टाकून लढाया करायच्या. योद्धे येतात कोरे, राखाडी, रंगवायचे आपण. नगरच्या त्यांच्या मित्रमंडळींनी ठरवलं की रंगवलेल्या योद्ध्यांचा लिलाव करायचा आणि त्यातून अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांमधल्या मुलांना चष्मे द्यायचे. बाराजणांची एक पलटण डॉक्टरांच्या वाट्याला आली. त्यांनी मला बोलावलं, आणि मी पोचले तर समोर शकीलभाई. तळहातावर एक शिपाई घेऊन न्याहाळत होते. "बाई, ह्यो गडी तर माज्या अंगठ्याएवढाच हाय. ह्याच्या फाळक्यावर काय लिवायचं?"

पहिला शिपाई त्यांनी टेम्पोसारखाच रंगवला. घरून ऑइलपेंटचा डबा आणला आणि दिला हात. बिचाऱ्याचं नाक, मिशा, चिलखत सगळं रंगात बुडालं. तुपात पडलेल्या माशीसारखा चकचकीत दिसत होता. मी हसले, जरा जास्तच हसले. शकीलभाईंनी तो शिपाई मुकाट्यानं टर्पेंटाइनमध्ये टाकला आणि पुढच्या खेपेला स्वतः बांधलेला ब्रश घेऊन आले, खारीच्या शेपटीच्या चार केसांचा. पाण्याचे रंग इतके पातळ करून लावायला लागले की चिलखताची कडी न् कडी मोजून घ्यावी. मग मी हसायची थांबले. ढालींवर तर त्यांनी मोहरीएवढ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "अहो शकीलभाई, हे परदेशी योद्धे आहेत." शकीलभाई म्हणाले, "मग? त्यांना आई न्हाई व्हय?"

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गाव पेंगुळलेलं असतं. त्या दुपारी आम्ही दवाखान्याच्या माडीवर बसायचो. खिडकीत कडुलिंब, त्यातून चाळून आलेलं हिरवट ऊन, वर पंख्याची घरघर. औषधाच्या बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेले शिपाई ओळीनं वाळत असायचे. तास तास कुणी बोलायचं नाही... भिंगातून बघता बघता ती ढाल एवढी मोठी व्हायची की वाटायचं, आपण तिच्या सावलीत बसलोय. खालून कुणी हाक मारली तर ती फार लांबून, दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखी वाटायची. एकदा शकीलभाई मान वर न करता म्हणाले, "बाई, ह्यांच्या गावात बी आता दुपार आसंल, न्हाई?" मी म्हणाले, "असेल की." आणि मला खरंच तिथली घरं दिसली, दारातली रांगोळी दिसली. आयुष्यभर मी पोरांना शेडिंग शिकवलं, वासराच्या पायांची मापं शिकवली. असं चित्राच्या आत जाऊन बसायला मला शकीलभाईंनी शिकवलं.

डोळे मात्र शेवटी. हा त्यांचा नियम. गरुड असो की घोडा, अंग पुरं झाल्याशिवाय डोळा उघडायचा नाही, "न्हाईतर तो आपल्याला आर्धं काम करताना बगतो आन् हासतो." बाराही शिपायांचे डोळे त्यांनी एका दुपारी आखले. श्वास रोखून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून. मी तिकडे मुद्दाम बघत नव्हते.

आता जे सांगायचंय ते सांगताना मला माझीच लाज वाटते. लिलावाच्या दिवशी सकाळी मी माडीवर लवकर गेले. भिंग लावून पाहिलं तर बाराही जणांची नजर फिरलेली. एकाचा डोळा वर, एकाचा खाली, एकाची बाहुली पार गालावर उतरलेली. माझ्यातली शाळामास्तरीण जागी झाली. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांत हात घालायची सवय, ती कुठली जाते? खारीचा तोच ब्रश उचलला आणि बाराही शिपायांचे डोळे नीट करून ठेवले. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

थोड्या वेळानं शकीलभाई आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तर. एकेक शिपाई भिंगाखाली धरून पाहिला, बाराच्या बारा. "झ्याक झाल्यात," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. चहा आला, तो निवला तरी त्यांनी घेतला नाही. मला वाटलं, लिलावाची धाकधूक असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

नगरला आमच्या पलटणीनं धमाल उडवली. ढालीवरचा आशीर्वाद वाचायला लोक टेबलाभोवती गोळा झाले. घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "इतके जिवंत डोळे कुणी काढले हो?" डॉक्टरांनी कौतुकानं शकीलभाईंना पुढे केलं, टाळ्या वाजल्या. शकीलभाई मान खाली घालून म्हणाले, "बाईंनी शिकवलं." तेवढ्यात माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टाळ्या वाजवत होते. अहो, टाळ्या!

त्यानंतर ते माडीवर फारसे आले नाहीत. रस्त्यात भेटले की "नमस्ते बाई", पुन्हा पहिल्यासारखं. रोज ठरवायचे, आज शेडमध्ये जाऊन सांगून टाकू, 'शकीलभाई, चुकलं माझं.' रोज काहीतरी निघायचं. कधी ऊन, कधी पाहुणे, खरं म्हणजे माझा ताठा. आणि मग ती पहाट आली.

चाळीसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सगळे पांगल्यावर त्यांच्या बायकोनं, रुक्साना भाभींनी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत कापसात एक योद्धा होता. योद्धा कसला, लांब काठी घेतलेली एक बाई. डॉक्टरांकडून मागून आणली होती म्हणे. तिला त्यांनी पांढरी साडी नेसवली होती, निळ्या काठाची, मी शाळेत नेसायचे तशी. मानेवर अंबाडा. काठीची केली होती फळ्यावर दाखवायची छडी. रेषा थरथरलेल्या होत्या, काठ मधेच वाकडा गेला होता, पण ती मीच होते. आणि चेहऱ्यावर डोळे नव्हते.

"दोन म्हयने करत हुते," भाभी म्हणाल्या. "म्या म्हनलं, डोळं राह्यलं की हो. तर म्हनले, ते बाईंचं काम हाय. मागच्या बारीला बी त्यांनीच केल्यात."

मी विचारलं, "भाभी, रागावले होते का हो ते माझ्यावर?"

भाभी खोटं बोलल्या नाहीत. "त्या दिशी जेवले न्हाईत. लई दिस गप गप हुते. मंग हे करायला बसले आन् एकदा आपलं आपनच हासले. म्हनले, बाईंना दुसऱ्याच्या वहीत हात घातल्याबिगर करमत न्हाई. घालू दे. आवंदा मीच वही पुढं करतो."

मी तिथेच, भाभींच्या ओट्यावर, ढसाढसा रडले. सांगायला कसली लाज.

डबा आता माझ्या खिडकीत असतो. काल दुपारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, गाव झोपलेलं असताना मी तिला बाहेर काढलं. भाभींनी खारीचा ब्रशही दिला होता. श्वास रोखला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. माझेही हात आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. एक डोळा बरा जमला. दुसरा सटकला आणि थोडा वर गेला, टेम्पोवरच्या गरुडाकडे बघावं तसा. पुसायला ओला कापूस हातात घेतलासुद्धा... मग तो खाली ठेवला, आणि ब्रश धुऊन तिला वाळायला खिडकीत उभं केलं.