फोटोच्या कपाळावरचं कुंकू

आष्टीच्या दैवशालापुढं नवी वस्तू आणून ठेवली की तिला कुंकू लागणारच, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ट्रॅक्टर आला, लावलं. बोअरला पाणी लागलं, पाइपाला लावलं. एकदा वायरमन विजेचं नवं मीटर बसवायला आल्ता, तर ही करंडा घेऊन त्याच्या मागं हजर. तो म्हणाला, "मावशी, शॉक लागंल." ही म्हणाली, "तुमी हायेत ना इथं," आणि लावून मोकळी. गल्लीतली पोरं एकमेकांना सांगायची, दैवशालाकाकूसमोर लई येळ उभं राहू नका, नाहीतर तुमालाबी लावतील.

हसा, खुशाल हसा. पण बाईचं म्हणणं ऐकून घ्या. शाळा चौथीपर्यंत, माहेर तुटलेलं, लग्नानंतर आष्टी सोडून फार तर अंबड-जालना बघितलेलं. आपल्या माणसाचं बरं व्हावं म्हणून काही करायचं, तर तिच्या हातात दुसरं होतं काय? नवरा रामप्रसाद मोसंबीच्या बागेत राबायचा, थोरला कल्याण बापाच्या हाताखाली, आणि ही घरातून सगळ्यांच्या पाठीशी कुंकवाचं बोट लावून उभी. तिला ते कामच वाटायचं, शेतात जाण्याइतकंच.

धाकटी शिवकन्या, घरात शिवा. ही मात्र वेगळीच निघाली. परभणीला शेतकीचं शिकली, आणि तिथून थेट अमेरिकेला गेली, मातीचं शिकायला. पारावर टिंगल झाली. "मातीच शिकायची तर अमेरिका कशाला, रामप्रसाद? आमच्या वावरात धाडा, ढेकळं फोडायला माणूस भेटून न्हाई राह्यला." रामप्रसाद वरवर हसायचा. दैवशाला मात्र सरळ भांडायची. तुमच्यातल्या एकाची तरी पोरगी गेली का हो तालुक्याबाहेर, असं तोंडावर विचारायची.

पहिल्यांदा शिवा निघाली तेव्हा दैवशालानं पासपोर्टच्या निळ्या पुठ्ठ्यावर कोरडं कुंकू लावलं होतं. शिवानं गाडीत ते हळूच झटकून टाकलं. पोरगी सुखरूप पोचली, कॉलेजात रमली, तिथल्या एका मोठ्या मास्तरीणबाईंच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम मिळालं. दैवशालाच्या लेखी याचा अर्थ एकच होता: कुंकवाचा गुण आला.

पुढं कल्याणचं लग्न ठरलं आणि भावाच्या लग्नाला शिवा डिसेंबरात घरी आली. आल्या दिवशीच तिनं एक प्लास्टिकचं पाकीट लोखंडी कपाटात ठेवलं आणि आईला जवळ बसवून उघडून दाखवलं. शिवाचा स्वभावच तसा. आईला कळत न्हाई म्हणून तिनं कधी काही सांगायचं टाळलं नाही.

"हा पासपोर्ट. त्यात हा चिकटवलेला कागद दिसतो ना, माझा फोटो असलेला, हा व्हिसा. आन हे कॉलेजचं पत्र. निघायच्या आधी आमच्या हापिसातल्या बाईंची यावर ताजी सही घेतली मी. तिन्ही बराबर असले तरच मला पुन्हा आत घेतात."

"आन हिकडं घरी यायला काय लागलं?"

"घरी यायला काय लागतंय? पासपोर्ट दाखवला, झालं. ही सगळी भानगड परत शिरायची हाय."

दैवशालानं हनुवटीला हात लावला. "बाई बाई! म्हंजे माहेरी यायला मोकळं आन सासरी जायला चिठ्ठी?"

शिवा खळखळून हसली. "तसंच समज. पण आई, याला हात लावायचा न्हाई हां. बिलकुल न्हाई."

"मी कशाला लावू?" दैवशाला म्हणाली, आणि तेव्हा ती खरंच बोलत होती.

लग्न जोरात झालं. पण लग्नात नणंद दुर्गाबाई बोलली. दुर्गाबाईच्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्यांना माहीत. तरी चार बायकांत लागायचं ते लागतंच. "वैनी, पोरीचं कपाळ बघा की. कोरी पाटी! तिकडं जाऊन कुंकूबी इसरली का काय?" शिवानं हसून घालवलं, पर्समधून टिकली काढून लावली. दैवशालाच्या मात्र ते मनात रुतलं. रात्रंदिवस परमुलखात एकटी राहणारी पोर, आणि कपाळ उघडं. कुणाची नजर लागायला वेळ लागतो का?

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात लागली होती. रामप्रसाद आणि कल्याण तिला मुंबईपर्यंत सोडायला जाणार होते. शिवा न्हाणीत. पाकीट खाटेवर, बॅगेच्या वरच. दैवशाला लाडवाचा डबा बॅगेत कोंबायला आली आणि तिनं पाकीट उघडलं. नुसतं बघायला.

व्हिसाच्या कागदावर शिवाचा फोटो होता. तो काढला तेव्हा दैवशाला स्वतः जालन्याच्या स्टुडिओत हजर होती. फोटोवाला म्हणाला होता, टिकली काढा, केस मागं घ्या, हसू नका. त्यानं सांगितलं तशी शिवा बसली होती, आणि आता फोटोतून तशीच बघत होती, डोळे मोठे, ओठ मिटलेले, कपाळ मोकळं. दैवशालानं फोटोवरून अंगठा फिरवला. आपली पोर दारोदार हेच तोंड दाखवत फिरणार! तिला दुर्गाबाईचं बोलणं आठवलं, आणि पुठ्ठ्यावरचं कोरडं कुंकू गाडीतच झटकलं गेलं होतं तेही आठवलं. कल्याणनंच सांगितलं होतं तिला.

तिनं देवघरातून करंडा आणला. या वेळी पडायला नको म्हणून कुंकू पाण्यात कालवलं. करंगळीनं फोटोच्या कपाळावर एवढासा ठिपका लावला, वर हळदीचं बोट टेकवलं. "जा माय, सुखानं जा," असं पुटपुटली, पासपोर्ट मिटला आणि होता तसा पाकिटात घालून ठेवला. शिवाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओरडली असती, आणि निघताना लेकरानं चिडून जाऊ नये असं तिला वाटलं. मग तिनं शिवाला ओवाळलं, हातावर दही दिलं, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. त्या दिवशी तिनं किती समाधानानं भाकरी खाल्ली, ते आता तिला आठवतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणचा फोन आला. "आई, आमी परत येऊन राह्यलो. शिवाबी हाय संगं."

"का रं? ईमान चुकलं का?"

"घरी आल्यावर बोलू."

विमान चुकलं नव्हतं. विमानतळावर खिडकीवरच्या मुलीनं पासपोर्ट उघडला आणि तिचा हात थांबला. ओलं कुंकू दाबलं गेलं होतं. फोटोवरून ते खाली उतरलं होतं, समोरच्या पानावर उमटलं होतं, खालचे आकडे लाल-पिवळ्यात बुडाले होते. शिवानं घाईनं रुमाल काढून पुसायला घेतलं, तर रंग आणखीन पसरला. त्या मुलीनं वरच्या साहेबांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. कुंकू आहे हे त्यानं लगेच ओळखलं, मराठीतच बोलला. म्हणाला, ताई, असं पान तिकडं चालत नाही, तिथून तुम्हाला परत धाडतील, आम्ही बसवू शकत नाही. आता पासपोर्ट नवा काढा, मग व्हिसा नवा. कॉलेजच्या पत्रावर ताजी सही होती, ती तशीच राहिली.

शिवा घरी आली, पाय धुतले, ओट्यावर बसली. नवी सून पाणी घेऊन आली, ते तिनं घेतलं. मग पासपोर्ट उघडून आईसमोर धरला.

"आई, हे तू केलंस?"

"हो," दैवशाला म्हणाली.

"का गं?"

"कपाळ मोकळं होतं माय."

रामप्रसादनं आजवर बायकोवर कधी हात उगारला नव्हता. त्यानं तोही उगारला. "अक्कल गहाण ठेवल्ती का तू? पोरीचं वाटोळं केलं! सोन्यासारखं चाललेलं तिचं, तुझ्या बोटानं मातीत घातलं!" कल्याणनं त्याचा हात धरला. शिवा एवढंच म्हणाली, "अण्णा, असू द्या." आणि आत जाऊन बॅग सोडायला लागली. शिवानं चार शिव्या घालाव्यात, भांडं आपटावं, असं दैवशालाला फार वाटलं. पोरगी लाडवाचा डबा काढून जागेवर ठेवत होती.

संध्याकाळी दैवशाला हातात लिंबू घेऊन तिच्यापाशी गेली. "शिवा, कुंकवाचा डाग लिंबानं निघतो. मी हलक्या हातानं..."

"आता निघाला तरी उपेग न्हाई, आई."

पुढचे महिने कसे गेले ते सांगायलाही नको वाटतं. पासपोर्टासाठी चौकशीला हवालदार घरी आला. जुना कशानं खराब झाला, असं त्यानं विचारलं. दैवशाला चुलीपुढं होती; पुढं येऊन सांगावं म्हणून उठलीसुद्धा. तोवर ओट्यावरून शिवाचा आवाज आला, "माझ्याच हातून झालं, साहेब. माझीच चूक." हवालदार म्हणाला, "शिकलेल्या पोरी तुमी, जरा सांभाळून वागत जा." दैवशाला पुन्हा खाली बसली आणि भाकरी करपेपर्यंत तव्याकडं बघत राहिली.

नवा पासपोर्ट आला तोवर उन्हं तापली होती. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख त्याच्याही पुढची मिळाली. कॉलेजनं एक सत्र जागा धरून ठेवली. मास्तरीणबाई मोबाइलवर चांगलं बोलायच्या, काळजी करू नकोस म्हणायच्या, पण प्रयोगशाळेतलं काम थांबत नसतं. शिवाच्या टेबलावर दुसरी पोरगी आली. ज्या मैत्रिणींशी ती रोज बोलायची, त्यांचे फोन आधी आठवड्यावर गेले, मग कधीतरी.

मुंबईला मुलाखत झाली. शिवा परत आली ती सरळ बागेत गेली आणि मोसंबीच्या आळ्यात बसून राहिली. दैवशाला मागोमाग गेली.

"काय म्हणाले गं?"

"न्हाई म्हणाले. दोन-तीन प्रश्न इचारले, पासपोर्ट परत दिला, झालं."

"माझ्यामुळं का?"

शिवानं मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटानं कुस्करलं. "माहीत न्हाई आई. कारण सांगत न्हाईत ते."

हो म्हणाली असती तरी चाललं असतं. दैवशालानं ते पदरात घेतलं असतं आणि जन्मभर वाहिलं असतं. पण माहीत न्हाई, याचं काय करायचं? आपल्या बोटानं झालं की त्या साहेबाच्या मनात दुसरंच काही आलं, हे तिला कोण सांगणार? ती रात्री कूस बदलायची आणि स्वतःलाच विचारायची, आणि सकाळी उठून गोठ्यात जायची.

जानेवारीपासून तिनं कशालाही कुंकू लावलं नव्हतं. कल्याणनं फवारणीचा नवा पंप आणला, तो अंगणात तसाच पडून राहिला. गाय व्याली, वासराला लावलं नाही. गल्लीतल्या पोरांनी एकदा मुद्दाम नवी सायकल तिच्या दारातून दोनदा नेली. ती बघून न बघितल्यासारखं करून आत गेली. पोरांनी पुन्हा कधी चिडवलं नाही.

दिवाळी सरली आणि दुर्गाबाई स्थळ घेऊन आली. भोकरदनचं घर, मुलगा बँकेत. "घरात बसवून किती दिस ठेवता? वय का थांबून राह्यलंय?" शिवा पलीकडं कपडे घड्या घालत होती. म्हणाली, "येऊ द्या, आत्या."

पाहुणे बघून गेले त्या रात्री जेवणं झाल्यावर दैवशाला तिच्याजवळ बसली. "तुला नको असंल तर मी नको म्हणते. मी भांडते सगळ्यांशी. आणखी एकदा जाऊन बघ की तिकडं."

"मुलगा चांगला हाय आई. बोलला बराबर." शिवानं दिवा मालवला. "आन त्या खिडकीपुढं पुन्हा उभं राह्यची हिंमत न्हाई मला."

लग्न ठरलं. कुंकवाच्या कार्यक्रमाला मांडव घातला नाही, अंगणातच झालं. शिवा हिरव्या साडीत पाटावर बसली होती. पाहुण्यांकडच्या बायका ताटं घेऊन तयार होत्या. दुर्गाबाईनं करंडा दैवशालाच्या हातात दिला. "वैनी, पैल्यांदा तुमी लावा, मंग पाव्हण्या."

दैवशालानं बोट कुंकवात बुडवलं. कपाळापाशी नेलं आणि ते तिथंच थांबलं. समोर तेच डोळे, तेच मिटलेले ओठ, तेच मोकळं कपाळ. बायका बघायला लागल्या. दुर्गाबाई म्हणाली, "अवो, लावा ना जल्दी, काय झालं?"

शिवानं मान वर केली. फक्त आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "लाव आई. आता कुठं जायचंय मला."

दैवशालानं कुंकू लावलं. बरोबर मधोमध, गोल, कुठं न सांडता. मग फोटोवाला पुढं आला, तिला हातानं बाजूला केलं आणि कॅमेरा डोळ्यांपुढं धरून म्हणाला, "ताई, इकडं बघा. जरा हसा."

शिवा हसली.