हळदीचं फडकं

सांगलीजवळच्या माधवनगरच्या आमच्या कॉलेजात शेंडगे मॅडम रसायनशास्त्र थेंबांनी शिकवायच्या. ब्युरेटच्या लांब काचनळ्या कपाटात, हातात ड्रॉपर. मला म्हणायच्या, "आवं सर, पोरांनी आम्ल ओळखायचंय, त्यात आंघोळ न्हाई करायची!" पोरं फिदीफिदी हसायची.

मॅडम मेंढपाळाच्या घरातल्या, दुष्काळी माण भागातल्या. प्रयोगशाळेच्या मोरीत काही ओतू देत नसत. "खाली कुणाचं तरी मेंढरू पाणी पितंय रं!"

मी ब्युरेटवाला, त्यांच्याच विभागातला. एकदा पैज लागली. आठवडाभर त्यांची तुकडी थेंबांनी प्रयोग करणार, माझी ब्युरेटनं; ज्याची उरलेल्या कॉस्टिक सोड्याची बादली जास्त भरेल, त्यानं सगळ्यांना भजी द्यायची. प्राचार्य म्हणाले, जिंकेल त्याचीच पद्धत पुढच्या वर्षी.

गुरुवारीच माझी बादली गळ्यापर्यंत आली. पोरं घरी गेल्यावर मी ती जवळजवळ सगळी मोरीत ओतली. यंदापर्यंत हे कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी निकाल. माझ्या बादलीत जेमतेम वाटीभर, मॅडमच्यात त्याहून जास्त! माझी पोरं बाकांवर चढून नाचली. कधी न हसणारा मीही हात वर करून नाचलो.

"जरा मागं या समदी," मॅडम म्हणाल्या.

मोरीचा पाइप भिंतीमागं ओढ्याकडं निघतो. त्याच्या तोंडाला मॅडमनी हळदीत रंगवलेलं फडकं बांधलं होतं. आता ते लालभडक! कॉस्टिक लागलं की हळद लाल होते, हे सांगलीच्या पोरांना काय सांगायचं? "लाल! लाल!" एकच गिल्ला झाला.

"कुणी ओतलं?" प्राचार्य कडाडले. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"मोरी लाजलीया, सर. तिला नाव कशाला विचारताय?" मॅडम म्हणाल्या. प्राचार्यांनाही हसू आवरेना. थेंबांची पद्धत राहिली. भजी मॅडमनीच आणली. पहिली माझ्या हातावर. "घ्या. नाचून दमला असाल."



मॅडम निवृत्त होऊन शिरवळला लेकीकडं गेल्या. ड्रॉपर आता माझ्या हातात आहे. यंदा पहिल्या प्रात्यक्षिकाला मी पाइपाला फडकं बांधलं आणि पोरांना सांगून टाकलं, हे पहिल्यांदा लाल कुणी केलं ते. पोरं हसून लोळली. तिथूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ते मी ओतलं होतं."

पलीकडं खदखदा हसणं. "आवं, मग फडकं कुणासाठी बांधलं हुतं? ते जाऊ द्या. आज बादली किती भरली?"

मी वाकून बघितलं. "तळ दिसतोय."

"मग नाचा की!"

पोरांसमोर, ड्रॉपर हातात धरून, मी नाचलो.